‘फुल फ्रेम’ आलं कुठून? ऑस्कर बार्नाक आणि खिशातला कॅमेरा

फोनच्या पुढे जाऊन पहिला ‘खरा’ कॅमेरा घ्यायचा म्हटलं की सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नावर अडते. छोटा मिररलेस घ्यायचा की मोठा फुल फ्रेम? मित्र एक सांगतात, यूट्यूब दुसरं सांगतं आणि दुकानदार तिसरंच. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फोटोग्राफी माझा छंद. असा प्रश्न समोर आला की मला आधी एक गोष्ट बघावीशी वाटते. हा ‘फुल फ्रेम’ नावाचा आकडा, म्हणजे ३६ × २४ मिमी, मुळात ठरवला कोणी आणि का?

उत्तर आहे ऑस्कर बार्नाक. लायका कॅमेऱ्याचा जनक. गंमत म्हणजे आज आपण ज्याला ‘मोठा’ सेन्सर म्हणतो, तो बार्नाकने ‘लहान’ म्हणून निवडला होता. जर्मन भाषेत या साईझला आजही ‘क्लाइनबिल्ड’ म्हणतात, म्हणजे छोटं चित्र!

दमा आणि काचेच्या प्लेट्स

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागातल्या लिनो नावाच्या खेड्यातला. शिक्षण म्हणाल तर कारखान्यातलं. बर्लिनजवळ यंत्रकामाची उमेदवारी केली आणि हात तयार झाला. पुढे १९०२ पासून तो येना शहरात झाइस या नावाजलेल्या ऑप्टिक्स कंपनीत कामाला होता.

त्याला दोन गोष्टींचं वेड होतं, डोंगरात भटकायचं आणि फोटो काढायचे. पण त्याला दमा होता.

आता त्या काळचा कॅमेरा डोळ्यासमोर आणा. बार्नाककडे होता तो १३ × १८ सेमी प्लेटचा कॅमेरा. फिल्मऐवजी काचेच्या प्लेट्स. लाकडी पेटीएवढा कॅमेरा, प्लेट्सचे जड होल्डर आणि वर स्टँड. हे सगळं पाठीवर घेऊन थुरिंगियाच्या जंगलातले चढ चढायचे. धडधाकट माणसालाही धाप लागेल, इथे तर दमेकरी. बार्नाकसाठी कॅमेऱ्याचं वजन म्हणजे स्पेसिफिकेशनच्या तक्त्यातली एक ओळ नव्हती. आज डोंगरावर जाता येईल की नाही, हे त्या वजनावर ठरायचं.

त्याने आधी सोपा जुगाड करून पाहिला. एकाच मोठ्या प्लेटवर बरेच छोटे फोटो घ्यायचे आणि नंतर ते मोठे करायचे. जमलं नाही. प्लेटवरचे कण इतके जाड होते की फोटो मोठा केल्यावर चित्रापेक्षा कणच जास्त दिसायचे. कल्पना बरोबर होती, पण तिला साथ देणारं मटेरियल त्याच्या हातात नव्हतं.

सिनेमाची फिल्म आडवी केली

झाइसमधला त्याचा सहकारी एमिल मेखाऊ वेट्झलार या गावी, लाइट्झ कंपनीत गेला होता. त्याने बार्नाकचं नाव सुचवलं आणि १९११ मध्ये बार्नाकही तिथे रुजू झाला. लाइट्झ ही मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी. तिथे त्याच्याकडे प्रयोग विभाग आला. आजच्या भाषेत आर अँड डी.

तिथे तो सिनेमाच्या कॅमेऱ्यावरही काम करत होता आणि त्यामुळे ३५ मिमी सिनेफिल्म त्याच्या रोजच्या हाताळणीत आली. ही फिल्म काचेसारखी जड नाही, फुटत नाही, रीळ करून ठेवता येते आणि तिचे कणही बारीक. सिनेमात ही फिल्म वरून खाली सरकते आणि एक चित्र १८ × २४ मिमीचं असतं. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. १८ दुणे ३६. झाला ३६ × २४ मिमी! आज तुमच्या कॅमेऱ्यात ३:२ चं जे प्रमाण दिसतं, ते इथून आलंय.

१९१३-१४ च्या सुमारास त्याने धातूचा छोटासा प्रोटोटाइप बनवला. आज त्याला ‘उर-लायका’ म्हणतात, म्हणजे आद्य लायका. त्यातली एक सोय मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. फिल्म पुढे सरकवली की शटरही आपोआप ताणलं जायचं. त्यामुळे एकाच जागी चुकून दोनदा फोटो निघायचा प्रश्न मिटला. युजरने लक्षात ठेवायची गोष्ट त्याने यंत्राच्या गळ्यात घातली.

कंपनीचा मालक, दुसरा एर्न्स्ट लाइट्झ, १९१४ मध्ये असा एक कॅमेरा घेऊन अमेरिकेला जाऊन आला. पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि प्रोजेक्ट बाजूला पडला. बार्नाक मात्र फोटो काढत राहिला. १९२० मध्ये वेट्झलारच्या रस्त्यांवर पुराचं पाणी शिरलं, तेव्हाचे त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. अशा वेळी स्टँड लावत बसायला कोणाला सवड असते?

लहान निगेटिव्हचं कर्ज

आता जरा हिशोब करू. १३ × १८ सेमी प्लेटचं क्षेत्रफळ २३४ चौरस सेमी. बार्नाकच्या फ्रेमचं ८.६४ चौरस सेमी. म्हणजे त्याने प्रकाश टिपणारी जागा जवळपास २७ पटीने कमी केली! तुलना म्हणून सांगतो, आजच्या फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरमध्ये फरक आहे तो फक्त ३.८ पटीचा.

पण लहान केलं आणि सुटलो, असं होत नाही. प्लेटवरून १३ × १८ सेमीचा फोटो हवा असेल तर कागद थेट प्लेटला चिकटवून छापता यायचा. छोट्या निगेटिव्हवरून तेवढाच फोटो हवा तर चित्र ५ पट मोठं करावं लागतं. त्याबरोबर लेन्सचा प्रत्येक दोष आणि फोकसमधली प्रत्येक चूकही ५ पट मोठी होते.

हे कर्ज फेडलं माक्स बेरेकने. तो लाइट्झमधला लेन्सचा गणिती. त्याने या छोट्या फ्रेमसाठी खास ५० मिमी, एफ/३.५ लेन्स तयार केली. ती पुढे ‘एल्मार’ नावाने गाजली. म्हणजे लायका हा नुसता छोटा डबा नव्हता. बारीक कणांची फिल्म, अचूक यंत्र, धारदार लेन्स आणि फोटो मोठा करणारं एन्लार्जर अशी ती पूर्ण साखळी होती. यातली एक कडी कच्ची असती तर तो खेळणंच ठरला असता. तुमच्या फोनचंही असंच आहे. इवल्याशा सेन्सरचं कर्ज तिथे सॉफ्टवेअर फेडतं, एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन आणि ते एकत्र जोडून.

१९२४ चा निर्णय

१९२३ मध्ये लाइट्झने वीस-पंचवीस कॅमेरे चाचणीसाठी बनवले. त्यांना ‘झीरो सीरिज’ म्हणतात. जाणकारांची मतं काही फार उत्साहाची नव्हती. एवढ्याशा निगेटिव्हवर भरवसा कोण ठेवणार? त्यात ते वर्ष जर्मनीत भयानक महागाईचं होतं. मार्कची किंमत अक्षरशः कागदाएवढी उरली होती. मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपनीने अशा वेळी कधीही न केलेल्या धंद्यात पैसा घालायचा? फसलं असतं तर कामगारांच्या पोटावर पाय आला असता. आणि दुसरीकडे, कामगारांना काम पुरवायचं तर नवीन काहीतरी हवंच होतं.

१९२४ मध्ये यावर लांबलचक बैठक झाली. विरोधात बोलणारे होतेच. शेवटी लाइट्झने जबाबदारी स्वतःवर घेतली आणि कॅमेरा बनवायचा निर्णय दिला. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. नाव साधं, लाइट्झमधला ‘लाय’ आणि कॅमेऱ्यातला ‘का’.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९३० मध्ये बदलता येणाऱ्या लेन्स आल्या, १९३२ मध्ये फोकससाठी रेंजफाइंडर कॅमेऱ्यातच बसवलेला लायका २ आला. त्याच वर्षी झाइस गटाने ‘कॉन्टॅक्स’ हा स्पर्धक कॅमेरा ३५ मिमी फिल्मवरच काढला. बार्नाकची जुनी कंपनी त्याच्याच वाटेवर आली! आणि त्याच वर्षी आंरी कार्तिये-ब्रेसाँ नावाच्या फ्रेंच तरुणाने लायका हातात घेतला. रस्त्यावरची फोटोग्राफी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

बार्नाकला हे फार काळ बघता आलं नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, बाड नाउहाइम इथे तो गेला. त्याने स्वतः वापरलेला झीरो सीरिजचा १०५ नंबरचा कॅमेरा २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला गेला. त्याच्या व्ह्यूफाइंडरवर बार्नाकचं नाव कोरलेलं आहे.

मग आपण काय घ्यायचं?

मला या माणसाकडून एक गोष्ट पक्की कळली. त्याने कॅमेऱ्याची बॉडी लहान केली नाही, त्याने आधी फ्रेम लहान केली. लेन्स, बॉडी, फिल्म सगळं त्यामागून लहान झालं.

आज अनेकदा उलटं होतं. डीएसएलआरमधला आरसा काढला की बॉडी लहान होते, पण सेन्सर फुल फ्रेमच राहिला तर लेन्स तेवढीशी लहान होत नाही. साधारण सारख्या झूम लेन्ससह वजनं बघा, कंपन्यांच्या आकड्यांनुसार:

• कॅनन ५डी मार्क ४ (डीएसएलआर) ८९० ग्रॅम + २४-७० एफ/२.८ लेन्स ८०५ ग्रॅम = १६९५ ग्रॅम
• सोनी ए७सी (छोटा फुल फ्रेम मिररलेस) ५०९ ग्रॅम + २४-७० एफ/२.८ लेन्स ६९५ ग्रॅम = १२०४ ग्रॅम
• ओएम-५ (मायक्रो फोर थर्ड्स) ४१४ ग्रॅम + १२-४० एफ/२.८ लेन्स ३८२ ग्रॅम = ७९६ ग्रॅम

मधल्या ओळीत लेन्सच बॉडीपेक्षा जड आहे! दुकानात नुसती बॉडी हातात घेऊन ‘वा, किती हलका’ म्हणाल तर अर्धाच हिशोब होईल. अर्थात तिसऱ्या पर्यायातही कर्ज आहेच. सेन्सर लहान असल्याने अंधारात नॉईज जास्त दिसतो आणि मागचं बॅकग्राउंड कमी ब्लर होतं. एफ/२.८ असूनही या दोन बाबतीत तो फुल फ्रेमच्या एफ/५.६ सारखा वागतो.

म्हणून माझा सल्ला. लग्नाच्या हॉलमधले कमी उजेडातले फोटो, मोठे प्रिंट, पैसे घेऊन केलेलं काम असं असेल तर फुल फ्रेम घ्या आणि वजन मान्य करा. भटकंती, प्रवास, रस्त्यावरचे फोटो हे तुमचं जग असेल तर एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स बिनधास्त घ्या, पण उरलेले पैसे चांगल्या लेन्सवर घाला. बार्नाकचा छोटा कॅमेरा बेरेकच्या लेन्सशिवाय उभा राहिला नसता.

आणि खरेदीआधी एक टेस्ट करा. निवडलेल्या बॉडी आणि लेन्सचं एकूण वजन काढा, तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या बॅगेत भरा आणि दिवसभर खांद्यावर वागवा. संध्याकाळी बॅग फेकून द्यावीशी वाटली, तर तो कॅमेरा तुमच्यासाठी नाही.