सूर लागला, ताळेबंद नाही

निवृत्तीनंतर मी घरी जुने स्पीकर दुरुस्त करतो. जेबीएलच्या डी १३० चा फाटका कागदी कोन काढला, की चपट्या तारेचे चार इंची वेटोळे हाती येते. ही जेम्स लान्सिंगची करामत. १९०२ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जन्मलेल्या या माणसाने आधी चित्रपटगृहांसाठी स्पीकर बनवले. १९४६ साली स्वतःची कंपनी काढली. माल नावाजला, पण कर्ज वाढत गेले. सप्टेंबर १९४९ मध्ये त्याने आयुष्य संपवले. त्याच्या विम्याच्या पैशावर कंपनी तगली आणि पुढे जगभर पोचली. बँकेत अशी खाती मी पाहिली आहेत. हाताने कसबी असलेल्या माणसाजवळ हिशेब पाहणारे विश्वासाचे माणूस वेळीच हवे, एवढेच मला वाटते.