पायी चालणारे काका



या वर्षीच्या निसर्ग शिबिराची संमतीपत्रे आपण मुलांबरोबर घरी पाठवली होती. डांगच्या जंगलात तीन दिवस, तंबूत मुक्काम आणि रोज आठ-दहा किलोमीटर पायी चालणे, असे हे शिबिर आहे. निम्म्याहून कमी पत्रे परत आली. मुलींची तर बोटावर मोजण्याइतकी आली. एक पालक मिलची रात्रपाळी करून सकाळी थेट शाळेत मला भेटायला आले. मूळचे धुळ्याकडचे. त्यांचे म्हणणे असे होते की, गावाकडे आम्ही अनवाणी रानोमाळ फिरलो, ते नको म्हणून तर सुरतेला आलो. आता मुलगा शिकतो आहे तर तुम्ही त्याला पुन्हा रानात चालायला कशाला नेता?

प्रश्न रास्त होता. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर विचार करीत बसलो, तेव्हा एका माणसाची आठवण झाली. हा माणूस आपल्यासारखाच मराठी होता, गुजरातमध्ये येऊन स्थिरावला, शिक्षक झाला, आणि आयुष्यभर पायी चालला. त्यांचे नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. सारा देश त्यांना काकासाहेब म्हणून ओळखतो. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे काकासाहेब मला प्रथम हिंदीच्या पाठ्यपुस्तकात भेटले. ते मराठी आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळले. आपल्या मुलांना ते लवकर कळावे म्हणून हा लेख.

काकासाहेबांचा जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. घराण्याचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली, त्यावरून कालेलकर. वडील सरकारी नोकरीत हिशेबाच्या कामावर होते. त्यांच्या बदल्या होत, आणि त्यांच्याबरोबर घरही हिंडे. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव अशी गावे लहानग्या दत्तूने पाहिली. शाळा बदलली की मुले रडतात, अभ्यास मोडतो, हे आपण पाहतोच. दत्तूचाही मोडला असेल. पण बैलगाडीतून दिसणारे डोंगर, साताऱ्याची कृष्णा, बेळगावकडची मार्कंडी नदी आणि कारवारचा समुद्र हे त्याचे दुसरे पुस्तक झाले. मोठेपणी त्यांनी बालपणाच्या आठवणी लिहिल्या, नद्यांवर पुस्तक लिहिले, त्याचे बी या दिवसांत पडले होते.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान विषय घेऊन ते 1907 साली बी. ए. झाले. तो काळ लोकमान्य टिळकांचा, स्वदेशीचा. सरकारी नोकरीची वाट सोडून त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. आधी बेळगावला शाळेत शिकवले, नंतर 1910 च्या सुमारास बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात आले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेली ही शाळा. तिथे एक सुंदर पद्धत होती. शिक्षकांना सर किंवा मास्तर न म्हणता मुले घरातल्या नात्याने हाक मारीत. कुणी मामा, कुणी अण्णा, कुणी भाई. कालेलकर झाले काका, आणि त्यांचे सहकारी विठ्ठलराव फडके झाले मामा. ही दोन्ही नावे जन्मभर चिकटली. आज आपण त्यांना काका म्हणतो ते एका शाळेतल्या मुलांनी दिलेले नाव आहे. शिक्षकाला यापेक्षा मोठी पदवी कोणती?

पण ती शाळा फार दिवस टिकली नाही. इंग्रज सरकारचा दाब आला आणि 1911 मध्ये गंगनाथ विद्यालय बंद पडले. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या काकांच्या हातात काही उरले नाही. ज्या कामासाठी सगळे सोडले ते कामच गेले. 1912 साली ते हिमालयाकडे निघाले.

इथे मी काही झाकून ठेवत नाही. घरी पत्नी लक्ष्मीबाई होत्या, मुले अगदी लहान होती. त्यांना मागे ठेवून काका निघाले ते काही छंद म्हणून नव्हे. मन विरक्तीकडे वळले होते, साधनेची ओढ होती. लक्ष्मीबाईंच्या मनाने ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार मी हल्ली जास्त करतो. थोरांच्या चरित्रात अशा बाईला एक ओळ मिळते. मुलांनी काकांचा प्रवास जरूर वाचावा, पण त्या प्रवासाची किंमत घरात कुणीतरी मोजत होते, हेही ध्यानात ठेवावे.

त्यांच्याबरोबर अनंतबुवा मर्ढेकर होते. पुढे स्वामी आनंद येऊन मिळाले. स्वामी आनंद जन्माने सौराष्ट्रातले, पण मराठी वृत्तपत्रांत काम केलेले आणि मराठी उत्तम जाणणारे. म्हणजे दोन मराठी आणि एक गुजराती, असे ते त्रिकूट. काशी, प्रयाग अशी तीर्थे करून ते हिमालयात शिरले. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हा सारा प्रदेश त्यांनी पायी पाहिला. तेव्हा आजच्यासारख्या मोटारी वरपर्यंत जात नसत. यात्रेकरू एका चट्टीपासून दुसऱ्या चट्टीपर्यंत चालत. चट्टी म्हणजे वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण. तिथे शिधा विकत घ्यायचा, चूल पेटवायची, रात्र काढायची आणि पहाटे पुन्हा चालू लागायचे. पाठीवर जेवढे पेलेल तेवढेच सामान. थंडी, चढ आणि भूक कुणाचे शिक्षण विचारत नाहीत. बी. ए. झालेला माणूस आणि निरक्षर यात्रेकरू एकाच चुलीजवळ हात शेकत.

आता मुख्य गोष्ट. मोक्ष शोधायला गेलेला हा माणूस हिमालयात राहिला नाही. तो परत आला. नुसता परत आला नाही, तर पुन्हा शिक्षक झाला. आपल्या देशाची माणसे, त्यांची गरिबी, त्यांची श्रद्धा, त्यांची भाषा त्याने मैलोन् मैल चालून पाहिली होती. त्यांना पारतंत्र्यात सोडून आपल्यापुरती शांती मिळवणे त्याला जमेना. डोंगराने त्याला जगापासून तोडले नाही, उलट जगाकडे परत पाठवले. माझ्या मते काकांच्या आयुष्याचे मर्म इथे आहे. चांगला प्रवास तोच, जो माणसाला अधिक जाणता करून घरी आणतो.

परतल्यावर आचार्य कृपलानींबरोबर त्यांनी ब्रह्मदेशाचा प्रवास केला. मग रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेले. तिथे 1915 साली गांधीजींची भेट झाली आणि वाट ठरली. साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमाच्या शाळेत ते शिकवू लागले. आश्रमातल्या मुलांसाठी त्यांनी आपला हिमालयाचा प्रवास लिहून काढला, तोही मराठीत नव्हे तर गुजरातीत. पुढे तो पुस्तकरूपाने आला आणि गुजराती प्रवासवर्णनांत मानाचा ठरला. एका मराठी माणसाने मोठा झाल्यावर शिकलेली भाषा अशी आपलीशी केली की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती हे बिरुद दिले. मुलांनो, घरी मराठी किंवा अहिराणी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी, असे तुमचे चालते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. काकांनी चार भाषांत संसार केला, पण एकही भाषा अर्धवट ठेवली नाही.

1923 मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. साबरमतीच्या तुरुंगात डोंगर नव्हते, नद्या नव्हत्या. चार भिंती होत्या. पण हिमालयात तयार झालेली नजर तिथेही स्वस्थ बसली नाही. मुंग्यांची रांग, खारी, कावळे, माकडे, कडुनिंबाचे झाड, भिंतीवर सरकणारे ऊन, हे सारे ते रोज पाहत राहिले आणि त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे गुजराती नाव ओतराती दीवालो, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती. हे पुस्तक मला हिमालयाच्या पुस्तकाइतकेच मोठे वाटते. ज्याला पाहता येते त्याला तुरुंगाच्या अंगणातही रान सापडते. नक्षत्रे पाहण्याचा तर त्यांना नादच होता, आणि तो त्यांनी इतरांनाही लावला.

1928 पासून ते गुजरात विद्यापीठाचे कुलनायक होते. 1930 साली दांडीयात्रा निघाली, तेव्हा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची अरुण टुकडी गांधीजींच्या पुढे चालत असे. पुढच्या गावी आधी पोहोचायचे, गावाची माहिती गोळा करायची, मुक्कामाची व्यवस्था पाहायची, हे तिचे काम. 12 मार्चला निघालेली यात्रा 5 एप्रिलला दांडीला पोहोचली आणि 6 एप्रिलला मीठ उचलले गेले. अंतर 241 मैल, म्हणजे सुमारे 385 किलोमीटर. त्या यात्रेकरूंमध्ये काकांचा मुलगा बाळ होता, वय अठरा. एप्रिलच्या उन्हात सुरत, डिंडोली, वांझ, नवसारी असे ते चालत गेले. डिंडोली म्हणजे आज जिथे आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक राहतात तीच. आपल्या पलसाण्यापासून ती वाट किती जवळ आहे, हे नकाशावर जरूर पाहा.

जगाच्या दुसऱ्या टोकाला 1941 साली कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने वेल्समधील ॲबरडोव्ही येथे तरुणांसाठी समुद्रावर आणि डोंगरात धाडसी शिबिरे सुरू केली. युद्धात बुडालेल्या जहाजांवरच्या तरुण खलाशांना संकटात टिकून राहण्याचे बळ कसे द्यावे, हा त्यामागचा प्रश्न होता. आपल्या देशात दार्जिलिंगला 1954 मध्ये आणि उत्तरकाशीला 1965 मध्ये गिर्यारोहणाच्या संस्था निघाल्या. आज तिथे तरुण मुले-मुली रीतसर शिकतात. मार्ग वेगळे, पण विश्वास एकच. पाय थकतात तेव्हा मन घडते, आणि दोर धरणाऱ्या हाताला जात विचारता येत नाही.

काकासाहेबांचे पुढचे आयुष्य आपल्याला पुस्तकांत सापडते. नद्यांवरचे त्यांचे लोकमाता हे पुस्तक 1934 साली आले. राष्ट्रभाषेच्या प्रचारासाठी ते देशभर हिंडले. 1952 ते 1964 राज्यसभेचे सदस्य होते. 1953 साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष झाले. 1964 मध्ये पद्मविभूषण आणि 1965 मध्ये गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 21 ऑगस्ट 1981 रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई मात्र 1929 सालीच गेल्या होत्या. मानसन्मानाचे हे दिवस त्यांनी पाहिले नाहीत.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. भाऊ, तुम्ही रानात चाललात ते पोटासाठी. ते चालणे तुमच्यावर लादलेले होते, आणि मुलाची त्यातून सुटका करण्यासाठी तुम्ही रात्रपाळ्या करता. याबद्दल मला आदरच आहे. आम्ही मुलाला त्या चालण्याकडे परत नेत नाही. तो स्वतःच्या इच्छेने चालणार आहे, आपले सामान स्वतः उचलणार आहे, दमलेल्या मित्रासाठी थांबणार आहे. तुम्हाला जे पाठ होते, म्हणजे वाऱ्याचा वास, पावसाची चाहूल, पायवाटेची ओळख, ते त्याला खोलीत बसून कोण शिकवणार? शिबिराहून आल्यावर तो तुम्हाला तुमच्या गावाबद्दल प्रश्न विचारेल, अशी माझी खात्री आहे. तेव्हा उत्तर देणारे गुरुजी तुम्ही असाल.

तुमची काळजीही खरी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मुलींच्या तंबूजवळ शिक्षिका राहतील. प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी कायम सोबत असेल. वाट माहीत असलेली स्थानिक माणसे बरोबर असतील. नदीत उतरण्यास मनाई राहील. मूल आजारी असेल तर त्याला नेणार नाही, त्याचे शिबिर पुढच्या वर्षी. ज्यांना शुल्क जड वाटते त्यांनी मला एकट्याला येऊन भेटावे, ती गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही. संमतीपत्राची मुदत एक आठवडा वाढवली आहे.

आणि ज्यांना खरोखरच पाठवता येत नाही, त्यांच्या मुलांनी हिरमुसू नये. काकांनी तुरुंगाच्या अंगणात रान शोधले. आपल्या भागातून मिंढोळा नदी वाहते. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता शाळेपासून तिच्या काठापर्यंत चालत जायचे आहे. पाण्याची बाटली, टोपी आणि एक कोरी वही आणावी. वाटेत जे दिसेल ते वहीत लिहायचे, निदान दहा गोष्टी. पालकांनी सोबत आले तर फारच आनंद होईल. मीही चालणार आहे.

आपला,
मुख्याध्यापक