पॉल रुडॉल्फ

पॉल रुडॉल्फ (१४ नोव्हेंबर, इ.स. १८५८:काहला, थ्युरिंगिया, जर्मनी - ८ मार्च, इ.स. १९३५:न्युर्नबर्ग, जर्मनी) हे जर्मन प्रकाशशास्त्रज्ञ आणि छायाचित्रणाच्या भिंगांचे रचनाकार होते. प्रोटार, प्लानार, उनार, टेसार आणि प्लास्मात या भिंगरचना त्यांच्या नावावर आहेत. मध्यापासून कडेपर्यंत सारखी रेखीव प्रतिमा देणारे भिंग ही आज गृहीत धरली जाणारी गोष्ट प्रत्यक्षात आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात मात्र त्यांनी सपाट पृष्ठावरील रेखीवपणाच्या पलीकडे जाऊन प्रतिमेतील घनता आणि खोली यांचा पाठपुरावा केला. त्यामुळे जुन्या भिंगांचा रेखीवपणा आणि त्यांचा स्वभाव यांविषयीच्या चर्चेच्या दोन्ही बाजूंना रुडॉल्फ यांचेच काम आढळते.

शिक्षण आणि येना येथील प्रवेश

रुडॉल्फ यांचे उच्च शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत झाले. त्यांनी येना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. इ.स. १८८६ मध्ये एर्न्स्ट आबे यांनी त्यांना कार्ल झाइस या कारखान्यात आपले सहायक म्हणून घेतले. हा कारखाना त्या काळी मुख्यतः सूक्ष्मदर्शकांसाठी ओळखला जात असे. भिंग प्रयोगाने घडवत न बसता आधी गणिताने निश्चित करायचे आणि मग घासायचे, ही आबे यांची पद्धत होती. रुडॉल्फ यांची पुढची सर्व कामगिरी याच शिस्तीत घडली. इ.स. १८९० मध्ये कारखान्याने छायाचित्रणाच्या भिंगांचा विभाग सुरू केला आणि त्याची सूत्रे रुडॉल्फ यांच्याकडे आली.

तत्कालीन भिंगांची मर्यादा

इ.स. १८४० मधील योझेफ पेट्झवाल यांचे व्यक्तिचित्रणाचे भिंग मध्यभागी उत्तम रेखीव होते, परंतु कडेकडे त्याची प्रतिमा विस्कटत असे. इ.स. १८६६ पासून प्रचारात आलेल्या सममित रचनांनी सरळ रेषा सरळ उमटू लागल्या. तरीही दोन दोष एकाच वेळी दूर होत नव्हते. पहिला दोष अबिंदुकतेचा, म्हणजे चित्राच्या कडेला बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता रेषेसारखी ताणली जाण्याचा. दुसरा दोष प्रतिमाक्षेत्राच्या वक्रतेचा, म्हणजे रेखीव प्रतिमा सपाट काचपट्टीवर न पडता वाटीसारख्या पृष्ठावर पडण्याचा. एक कमी करावा तर दुसरा वाढत असे.

अडचण काचेतच होती. जुन्या प्रकारच्या काचांमध्ये वक्रीभवनांक वाढला की रंग वेगळे करण्याची शक्ती, म्हणजे अपस्करणही वाढत असे. इ.स. १८८४ मध्ये ओटो शॉट यांनी आबे आणि झाइस यांच्यासह येना येथे काचकारखाना स्थापन केला. तेथे तयार झालेल्या बेरियमयुक्त क्राउन काचेत वक्रीभवनांक जास्त आणि अपस्करण कमी असा पूर्वी न मिळणारा संयोग साधला गेला. रुडॉल्फ यांना नवे साधन मिळाले ते हे.

अ‍ॅनास्टिग्मॅट अर्थात प्रोटार

इ.स. १८९० मध्ये रुडॉल्फ यांनी अ‍ॅनास्टिग्मॅट भिंगाची रचना केली. या रचनेत छिद्रपटलाच्या पुढे जुन्या काचांची एक जोडी आणि मागे नव्या काचांची दुसरी जोडी होती. पुढच्या जोडीत गोलीय विपथन, म्हणजे भिंगाच्या मध्यातून आणि कडेतून येणारे किरण एका ठिकाणी न मिळण्याचा दोष, आटोक्यात ठेवता येई. मागच्या जोडीत अबिंदुकता सुधारून क्षेत्र सपाट करता येई. एका जोडीत उरलेला दोष दुसरीने भरून काढावा, असे हे तत्त्व होते.

अ‍ॅनास्टिग्मॅट हा शब्द लवकरच अशा सर्व भिंगांसाठी सर्रास वापरला जाऊ लागल्याने कारखान्याने इ.स. १९०० मध्ये आपल्या भिंगाचे नाव प्रोटार असे बदलले. या मालिकेतील एफ/१८ छिद्राचे विशालकोनी भिंग वास्तूंच्या छायाचित्रणासाठी दीर्घकाळ वापरात राहिले.

प्लानार

इ.स. १८९६ मध्ये रुडॉल्फ यांनी प्लानार भिंग सिद्ध केले. दुर्बिणीसाठी कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी सुचवलेल्या चंद्रकोरीसारख्या भिंगांच्या जोडीचा त्याला आधार होता. अशा दोन जोड्या छिद्रपटलाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवून रुडॉल्फ यांनी आतील भिंगे जाड केली. ही जाड भिंगे दोन काचा चिकटवून बनवलेली होती. त्या काचांचा वक्रीभवनांक जवळपास सारखा, पण अपस्करण वेगळे होते. त्यामुळे त्यांच्या सांध्याची वक्रता बदलून इतर दोष न बिघडवता रंगदोष सुधारता येत असे. चार गटांतील सहा काचांचे हे भिंग एफ/३.६ इतक्या मोठ्या छिद्रालाही सपाट आणि रेखीव प्रतिमा देत होते. सपाट क्षेत्राच्या या गुणावरूनच त्याचे नाव पडले.

गणिताच्या दृष्टीने ही रचना तिच्या काळाच्या पुढे होती, पण व्यवहारात ती मागे पडली. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. प्लानारमध्ये अशा आठ सीमा असल्याने सुमारे एक-तृतीयांश प्रकाश वाया जाई. त्याहून वाईट म्हणजे त्यातील काही प्रकाश भिंगातच फिरून काचपट्टीवर पसरे आणि चित्रातील काळे भाग राखाडी दिसत. प्रतिमेत बारीक तपशील असूनही ती फिकट वाटे.

टेसार

इ.स. १८९९ मधील उनार या भिंगात रुडॉल्फ यांनी चार सुट्या काचा वापरल्या. त्यानंतर उनारचा पुढचा अर्धा भाग आणि प्रोटारची मागची चिकटवलेली जोडी एकत्र करून त्यांनी इ.स. १९०२ मध्ये टेसार भिंग तयार केले. चार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले आहे. इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या तीन काचांच्या कुक ट्रिपलेट भिंगाशी टेसारचे बाह्य साम्य असले, तरी त्याची वंशरेषा रुडॉल्फ यांच्या स्वतःच्या आधीच्या दोन भिंगांतून येते.

तीन गटांतील चार काचा आणि हवेला लागून केवळ सहा सीमा, एवढ्या अल्प साधनांत टेसारने उच्च प्रकाशभेद आणि रेखीवपणा साधला. आरंभी त्याचे छिद्र एफ/६.३ होते. एर्न्स्ट वांडर्सलेब यांच्या कामामुळे ते एफ/४.५ झाले आणि इ.स. १९३०च्या सुमारास विली मेर्टे यांनी एफ/२.८ पर्यंत नेले. जाहिरातींतून त्याला गरुडनेत्र ही ओळख मिळाली. लंडन, पॅरिस आणि अमेरिकेतील कारखान्यांना त्याच्या उत्पादनाचे परवाने देण्यात आले. रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांतून ते जगभर पोहोचले. विसाव्या शतकातील सर्वाधिक अनुकरण झालेल्या भिंगरचनांत टेसारची गणना होते.

निवृत्ती आणि पुनरागमन

इ.स. १९११ मध्ये रुडॉल्फ यांनी झाइस कारखाना सोडला. आपल्या भिंगांच्या यशामुळे ते तोवर संपन्न झाले होते आणि पुढील आयुष्य निवांत जावे अशी स्थिती होती. परंतु पहिले महायुद्ध आणि त्यामागून आलेली जर्मन चलनाची घसरण यांत त्यांची संपत्ती नाहीशी झाली. वयाची साठी उलटल्यावर त्यांना उपजीविकेसाठी पुन्हा कामाकडे वळावे लागले. ग्योर्लित्स येथील हुगो मायर या कारखान्यात ते रुजू झाले. ज्या टेसारमुळे झाइसचे नाव सर्वतोमुखी झाले होते, त्याच भिंगाच्या बाजारात त्याच्याच रचनाकाराला आता प्रतिस्पर्धी म्हणून उतरावे लागले.

प्लास्मात

प्लास्मात रचनेचे एकस्व इ.स. १९१८चे आहे. यात छिद्रपटलाच्या प्रत्येक बाजूला एक चिकटवलेली जोडी आणि तिच्यापासून हवेने विलग केलेली एक सुटी काच असते. गोलीय विपथनाची दुरुस्ती एकाच रंगापुरती न राहता वेगवेगळ्या रंगांसाठी साधावी, यावर रुडॉल्फ यांचा भर होता. प्लास्मात हे नाव घडीव, उठावदार या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. एकच सपाट प्रतल काटेकोर उमटवण्याऐवजी वस्तूची गोलाई आणि तिच्या पुढे-मागे असलेल्या जागेचा भास चित्रात उतरावा, असा दावा या नावात होता.

इ.स. १९२२ मध्ये चलच्चित्रणासाठी किनो-प्लास्मात आले. त्याचे छिद्र प्रथम एफ/२ आणि नंतर एफ/१.५ होते. त्या काळी हे वेग असाधारण मानले जात. इ.स. १९२६ मध्ये माक्रो-प्लास्मात हे भिंग आले.

जुन्या भिंगांची पारख

रुडॉल्फ यांची भिंगे तपासताना रेखीवपणा हा एकच गुण नसून अनेक गुणांचा संयोग आहे, हे स्पष्ट होते. बारीक रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, काळ्या-पांढऱ्यातील भेद टिकवण्याची क्षमता आणि मध्य व कडा यांतील समानता, या तीन बाबी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. लेप नसलेला जुना प्लानार पहिल्या कसोटीला उतरूनही दुसऱ्या कसोटीत कमी पडतो. टेसार दुसऱ्या कसोटीत सरस ठरते, पण पूर्ण उघड्या छिद्राला त्याच्या कडा मऊ असतात आणि एफ/८च्या आसपास त्या सुधारतात.

रचनेचा गुण आणि हाती आलेल्या प्रतीची अवस्था यांतही फरक करावा लागतो. चित्राचा एकच कोपरा इतर तिघांपेक्षा अस्पष्ट असेल, तर दोष बहुधा काचा मध्यरेषेवरून सरकल्याचा असतो. प्रोटारसारख्या भिंगांत काचा जोडणारा बाल्सम सुटल्यास कडेला इंद्रधनुषी डाग दिसतात. घडीच्या अनेक कॅमेऱ्यांत टेसारची केवळ पुढची काच फिरवून अंतर जुळवले जाते. त्यामुळे काचांमधील अंतर बदलते आणि जवळच्या चित्रांत रेखीवपणा घटतो. हा त्या यंत्रणेचा परिणाम असतो.

किनो-प्लास्मातची पारख सर्वांत अवघड आहे. त्याचे क्षेत्र वक्र असल्याने सपाट तक्त्याचे छायाचित्र घेतल्यास कडा विस्कटलेल्या दिसतात. व्यक्तिचित्रात मात्र मध्यभागीचा चेहरा रेखीव राहतो आणि भोवतालची पार्श्वभूमी गोलाकार घुसळल्यासारखी दिसते. संग्राहक याच गुणाला भिंगाचा स्वभाव म्हणतात आणि त्यासाठी मोठी किंमत मोजतात. सपाट क्षेत्राची कसोटी ज्यांच्या प्रोटार आणि प्लानार यांनी रूढ केली, त्यांचेच हे भिंग त्या कसोटीत नापास होते.

मृत्यू आणि वारसा

८ मार्च, इ.स. १९३५ रोजी न्युर्नबर्ग येथे रुडॉल्फ यांचे निधन झाले. त्याच वर्षी झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत विकसित केली. प्लानारला जवळपास चाळीस वर्षे रोखून धरणारा अडथळा त्यामुळे दूर झाला, पण ते पाहण्यास त्याचे रचनाकार हयात नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर लेपयुक्त प्लानार भिंगे रोलायफ्लेक्स आणि हॅसलब्लाड कॅमेऱ्यांवर आली. एकभिंगी कॅमेऱ्यांची बहुतेक वेगवान प्रमाणित भिंगे याच दुहेरी गाउस कुळातील आहेत. मोठ्या आकाराच्या फिल्मसाठीच्या कॅमेऱ्यांची अनेक आधुनिक भिंगे प्लास्मात रचनेवर आधारलेली आहेत. टेसारची चार काचांची मांडणी अद्यापही साध्या व लहान भिंगांत वापरली जाते.