विश्लेषण : सजीवसृष्टीची सुरुवात चिखलात? जे. डी. बर्नाल यांनी काय सुचवले होते?

जीवसृष्टी समुद्रात जन्मली, असे शाळेत शिकवले जाते. पण समुद्र अफाट. त्यात विरघळलेले मोजके रेणू एकमेकांना भेटणार कसे? ब्रिटिश वैज्ञानिक जॉन डेस्मंड बर्नाल यांनी १९४७ मध्ये एका व्याख्यानात उत्तर सुचवले : चिकणमाती.

बर्नाल कोण होते?

जन्म १९०१, आयर्लंडमधील नीना गावी. शिक्षण केंब्रिजमध्ये. विचारांनी पक्के मार्क्सवादी. अफाट व्यासंगामुळे मित्र त्यांना ‘सेज’, म्हणजे ऋषी, म्हणत. प्रथिनांचे स्फटिक वाळले की क्ष-किरणांखाली त्यांचे नीट चित्र मिळत नसे. १९३४ मध्ये बर्नाल यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्याच द्रावणात ओला ठेवला आणि डोरोथी क्रोफुट (पुढे हॉजकिन) यांच्यासह स्पष्ट चित्र मिळवले. पुढे हॉजकिन यांना नोबेल मिळाले, शिष्य मॅक्स पेरुट्झ यांनाही. बर्नाल यांना नाही.

माती रेणूंना धरते कशी?

मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीतील खनिज म्हणजे साधारण एक नॅनोमीटर जाडीच्या थरांची चळत. एका ग्रॅमचे पृष्ठफळ काहीशे चौरस मीटर भरते. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच गटातील खनिजांमुळे. थरांवर ऋणभार असतो आणि सोडियम, कॅल्शियमचे धनभारित आयन मधे बसलेले असतात. आम्लधर्मी पाण्यात अमिनो आम्लावर धनभार येतो. मग ते या आयनांना हटवून त्यांची जागा घेते.

मेख कुठे आहे?

साध्या, उदासीन पाण्यात चित्र बदलते. लायसिनवर धनभार टिकतो, म्हणून ते घट्ट चिकटते. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो. थर त्याला दूर लोटतात. ग्लायसिनवरचे दोन्ही भार एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे त्याची पकड सैल. अडचण अशी की, १९५३ मधील स्टॅनली मिलर यांच्या गाजलेल्या प्रयोगात ग्लायसिनच सर्वाधिक बनले होते. म्हणजे जे भरपूर, तेच मातीच्या हाती नीट लागत नाही.

बर्नाल यांनी समुद्राइतकाच किनारा महत्त्वाचा मानला होता. १९६३ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी ते खचत गेले, तरी जीवोत्पत्तीवरचे मोठे पुस्तक त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. १५ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सात वर्षांनी लाहाव, व्हाइट आणि चँग यांनी ग्लायसिन मातीत मिसळून ते मिश्रण वारंवार भिजवले, वाळवले, तापवले. मातीत ग्लायसिनच्या लहान साखळ्या तयार झालेल्या आढळल्या.