रमाईंचा संसार

१९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्री, दुकाने उठल्यावर, भीमराव व रमाबाईंचे लग्न झाले. रमाई तेव्हा जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. पुढे भीमराव बडोद्याच्या महाराजांच्या दरमहा २५ रुपये शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. डिसेंबर १९१२ मध्ये यशवंत जन्मला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे रामजीबाबा वारले आणि त्याच वर्षी पती अमेरिकेस गेले. मागे घर रमाईंनी सांभाळले. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. १९५६ ची दीक्षा त्यांना पाहावयास मिळाली नाही.

आपण बाबासाहेबांच्या पदव्या अभिमानाने मोजतो. आपल्या घरी मुलगा शिकत असेल तर चुलीपाशी कोण राबते तेही पाहा, आणि तिच्या हातीही पाटी द्या.