धर्मानंद कोसंबी आणि परदेशचें विद्यार्जन

परदेशीं शिकावयास जाणारा आमचा तरुण हल्लीं पुष्कळ तयारीनें निघतो. घरच्यांनीं कर्ज काढलेलें असतें, भाषेची परीक्षा आधींच दिलेली असते. आणि तरीही तेथें उतरल्यावर पहिले कांहीं महिने तोंड उघडण्याचें धैर्य त्यास होत नाहीं. वर्गांतलें अर्धें समजतें, बाजारांतलें मुळींच समजत नाहीं. आणि मायदेशीं हुशार म्हणून गणला गेलेला हा मुलगा आपण मंद तर नाहीं ना, अशी शंका घेऊं लागतो. अशा तरुणांनीं, व त्यांच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या त्यांच्या वडिलांनीं, आचार्य धर्मानंद कोसंबी यांचें चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावें, अशी आमची सूचना आहे.

धर्मानंदांचा जन्म १८७६ सालीं गोव्यांतील सांखवाळ गांवीं झाला. घरची भाषा कोंकणी, राज्यकर्त्यांची पोर्तुगीज, आणि शिक्षण म्हणावें तर मराठी शाळेंतलें, तेंही थोडें. एका मराठी मासिकांतलें बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनानें घेतलें कीं, बुद्धाचा उपदेश मुळांतून वाचल्याखेरीज राहावयाचें नाहीं. १८९९ सालाच्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पुण्यास संस्कृतचा आरंभ केला. पुढें काशीस अन्नछत्रांत जेवून तेंच अध्ययन चालविलें. परंतु त्रिपिटक ज्या पाली भाषेंत आहे, ती शिकविणारी परंपरा ह्या देशांत उरली नव्हती. विहार उद्ध्वस्त झाले हें त्याचें एक कारण खरें. पण जे ग्रंथ परक्या पंथाचे म्हणून आमच्या पंडितांनीं दूर ठेवले, त्यांच्या नकला तरी कोणीं कराव्या? ते ग्रंथ सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम येथील भिक्षूंनीं जपले. आमच्याच भूमींत जन्मलेली विद्या समुद्रापलीकडे जाऊन मागून आणण्याची पाळी आमच्यावर आली, आणि समुद्र ओलांडणाऱ्यास वाळींत टाकण्याची रूढि अजून सुटलेली नव्हती!

नेपाळ व बोधगया पाहून धर्मानंद १९०२ सालीं कोलंबोस पोंचले. तेथें १८७३ सालीं स्थापन झालेल्या विद्योदय विद्यालयांत हिक्कडुवे सुमंगल महास्थविर अध्यापन करीत होते. धर्मानंदांस सिंहली येत नव्हती व इंग्रजी शाळेचा संस्कारही झालेला नव्हता. हाताशीं होतें तें काशीचें संस्कृत. त्याच्याच आधारें गुरुशिष्यांचा व्यवहार सुरू झाला. पालीला स्वतःची अशी लिपि नाहीं. सिंहलांत ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशांत ब्रह्मी अक्षरांत, सयामांत तेथील अक्षरांत लिहितात. म्हणजे संस्कृतांत काव्यें वाचणाऱ्या पंचविशीच्या गृहस्थानें पुन्हां धुळाक्षरांपासून आरंभ करावयाचा! धर्मानंदांनीं तो केला, आणि श्रामणेराची दीक्षा घेऊन त्या मंडळींतलेच एक होऊन राहिले. तेथील आहार मात्र त्यांस मानवला नाहीं. सुमारें वर्षभरानें त्यांनीं सिंहल सोडलें. तरी अध्ययन सोडलें नाहीं. पुढें ब्रह्मदेशांत जाऊन तें चालू ठेविलें.

येथें एक गोष्ट आम्हीं झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. हा विद्यार्थी घरीं पत्नी व तान्ही मुलगी ठेवून गेला होता, आणि कित्येक वर्षें परतला नाहीं. त्याच्या विद्येचें मोल एका स्त्रीनें घरीं बसून मुकाट्यानें दिलें. आजही मुलगा परदेशीं जातो तेव्हां घरांतल्या कोणा बहिणीचें वा पत्नीचें शिक्षण खुंटत असेल, तर तेंही खर्चाच्या वहींत मांडलें पाहिजे.

परतल्यावर धर्मानंदांनीं कलकत्त्यास पाली शिकविली. परंतु मिळविलेली विद्या महाराष्ट्रास द्यावी हा त्यांचा ध्यास होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दरमहा पन्नास रुपये देऊं केले, तेव्हां कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून ते इकडे आले. १९१० सालीं ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले तें विसुद्धिमग्ग ह्या ग्रंथाच्या संपादनासाठीं. १८९९ सालीं वारलेल्या वॉरन नांवाच्या विद्वानानें आरंभिलेलें तें काम होतें. त्याच्या श्रेयावरून मतभेद झाल्यामुळें १९१२ सालीं ते परतले. पण पुन्हां पुन्हां जाऊन त्यांनीं तें पुरें केलें. ती आवृत्ति १९५० सालीं निघाली, तेव्हां धर्मानंद हयात नव्हते; ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांनीं देह ठेविला होता. मात्र तोच ग्रंथ देवनागरींत १९४० सालींच मुंबईस छापला गेला होता, हें विशेष आहे. १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली व पु. वि. बापट यांच्यासारखे शिष्य तयार केले. बुद्धाचें चरित्र व उपदेश त्यांनीं मराठींत लिहिले. ज्याला सिंहली अक्षरें येत नाहींत त्या वाण्याच्या मुलालाही आज तें वाचतां येतें, तें ह्यामुळें.

ह्यावरून आमचें म्हणणें दोन शब्दांत सांगतां येईल. परभाषेच्या दारीं गेलेल्यानें आपल्या जुन्या विद्येची लाज बाळगूं नये, व तिचा ताठाही मिरवूं नये. जुनी विद्या ही पहिली पायरी होय, पण दुसरी पायरी धुळाक्षरांचीच असते. आणि आमच्या व्यापारी बंधूंस विनंति अशी कीं, शिष्यवृत्ति देतांना परतल्यावर पगार किती, एवढेंच विचारूं नये. तेथें मिळविलेलें मराठींत काय उतरविणार, हेंही विचारावें. सिंहली, ब्रह्मी, चिनी ह्या शेजारच्या भाषा शिकूं इच्छिणारा एखादा गरीब मुलगा दारीं आला, तर त्यास रिकाम्या हातीं परत पाठवूं नये. पन्नास रुपयांत काय झालें, तें वर सांगितलेंच आहे.