विश्लेषण : घरातच बसून जग टिपणारे चाळीसगावचे केकी मूस कोण होते?

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळच्या एका जुन्या बंगल्यात एका छायाचित्रकाराने जवळपास अर्धे शतक स्वतःला कोंडून घेतले. तिथे तयार झालेली छायाचित्रे मात्र देश-विदेशातील प्रदर्शनांत पोहोचली. घराच्या भिंतीसाठी चित्र निवडताना काय पाहावे, याचे उत्तर कलामहर्षी केकी मूस यांच्या कामात सापडते.

केकी मूस चाळीसगावात कसे आले?

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. आई-वडिलांचे दुकान चाळीसगावात होते. केकींना व्यापारात रस नव्हता, ओढ होती ती कलेची. पुढे त्यांनी इंग्लंडमधील शेफिल्ड येथे कलेचे शिक्षण घेतले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते परतले. मुंबईत व्यवसाय थाटण्याऐवजी ते चाळीसगावच्या घरी राहिले आणि हळूहळू त्यांनी बाहेर पडणेच सोडले. विख्यात डच चित्रकार रेम्ब्राँ यांचे नाव त्यांनी आपल्या घराला दिले.

पंजाब मेलची गोष्ट काय आहे?

मुंबईत निरोप घेताना प्रेयसीने पंजाब मेलने चाळीसगावला येण्याचे वचन दिले होते, असे सांगितले जाते. त्या गाडीच्या वेळेला मूस रोज रात्री दारे-खिडक्या उघडत, दिवे लावत, फुलांचा गुच्छ आणि दोघांचे जेवण तयार ठेवत. गाडी निघून गेली की दारे पुन्हा बंद होत. ती कधीच आली नाही. या कथेतले किती खरे आणि किती लोकांनी जोडलेले, हे वेगळे करणे अवघड असले तरी चाळीसगावकर ती आजही सांगतात.

घराबाहेर न जाता छायाचित्रे कशी काढली?

त्यासाठी त्यांनी टेबल-टॉप फोटोग्राफीचा आधार घेतला. या तंत्रात टेबलावर छोटा देखावा उभा करतात. कापूस बर्फ होतो, काटकी झाड होते, दगड डोंगर होतो. खरी कसोटी असते प्रकाशाची. तो एका बाजूने, ठरावीक उंचीवरून आला आणि सावली योग्य जागी पडली, तरच बघणाऱ्याला तो देखावा खरा वाटतो. एका चित्रासाठी मांडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागते. या कामाने मूस यांना अनेक पुरस्कार मिळवून दिले. चित्रकला, शिल्पकला, काष्ठशिल्प आणि कागदाच्या घड्यांची ओरिगामी यांतही त्यांचा हात चालत असे.

घरासाठी चित्र निवडताना यातून काय शिकता येते?

विषय किती दूरचा किंवा किती महागडा, याला फारसे महत्त्व नाही. गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे छायाचित्र घेताना आधी प्रकाश कुठून येतो ते पाहावे. पाकळीची जाडी, देठाचे वळण आणि मागची सावली जाणवत असेल, तर चित्र रोज पाहूनही कंटाळा येत नाही. कृष्णधवल प्रिंटमध्ये काळ्या भागातही तपशील दिसायला हवा. तो भाग नुसता काळा डाग वाटला, तर छपाई कच्ची समजावी. मोबाइलच्या पडद्यावर झळाळणारे चित्र कागदावर फिके पडू शकते, म्हणून प्रिंट प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी.

खानदेशातले ऊन कडक, त्यामुळे थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर प्रिंट लावू नये, रंग उडतात. काच प्रिंटला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट ठेवावा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही टाळावी.

मूस यांच्या मागे काय उरले?

३१ डिसेंबर १९८९ रोजी केकी मूस यांचे निधन झाले. त्यांचे घर आणि कलाकृती आता त्यांच्या नावाच्या न्यासाने कलादालनाच्या रूपात जपल्या आहेत. जळगावहून मुंबईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या चाळीसगावला थांबतात, आणि धुळ्याचा रेल्वेमार्गही याच जंक्शनवरून फुटतो. स्थानकावर उतरले की हे घर अगदी जवळ आहे. ज्या मूळ प्रिंटसाठी मूस यांनी सारे आयुष्य एका छताखाली काढले, त्या तिथे जवळून पाहता येतात.